रायफलीचे वजन आणि वाहणारा खांदा

निवडणुकीच्या आधी परवानाधारकांची शस्त्रे ठाण्यात जमा करून घेण्याचा प्रघात आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचा आहे. नर्मदाकाठच्या एका जिल्ह्यात असताना असाच एक दिवस माझ्या वाट्याला आला होता. ठाण्याच्या ओसरीवर बंदुकांची रांग लागली होती. तीत एका जुन्या मालगुजार घराण्याचा नातू आपल्या आजोबांची विलायती दुनळी रायफल घेऊन आला. घेऊन आला म्हणणे तितकेसे बरोबर नव्हे. तो पुढे रिकाम्या हातांनी चालत होता व त्याच्यामागे एक वृद्ध गोंड ती खांद्यावर टाकून येत होता. मला कुतूहल वाटले म्हणून शेजारच्या दुकानातून धान्याचा काटा मागवला आणि ती तोलली. काटा पाच किलोंच्या थोडा पुढे गेला. मी आकडा वाचून दाखवताच तो वृद्ध हसून म्हणाला, "साहेब, काट्यावर ती एवढीच भरते. रानात संध्याकाळी दुप्पट भरत असे."

त्याचा बाप मालगुजारांचा बंदूकवाला होता आणि मुलगा असताना तोही बापाबरोबर रानात जाई, असे पुढे बोलण्यातून निघाले. त्या दिवसापासून शिकारी रायफलीच्या इतिहासाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. ह्या विषयावरील ग्रंथांतून नळीचा व्यास, गोळीचा वेग, बनवणाऱ्याची कीर्ती ह्यांविषयी पानेच्या पाने सापडतात. वजनाचा उल्लेख एका ओळीत आटोपतो. वस्तुतः रायफल जड का झाली आणि पुढे हलकी का झाली, ह्या दोन प्रश्नांतच तिचा बराचसा इतिहास सामावलेला आहे. आणि त्या दोहोंचे उत्तर शोधू लागले की कारखान्यापेक्षा खांद्याचाच विचार अधिक करावा लागतो.

प्रथम जड रायफलीची कथा. काळ्या दारूच्या युगात गोळीला वेग देण्याला मर्यादा होती. म्हणून मोठ्या जनावरासाठी गोळीचा आकार वाढवावा लागे, आकाराबरोबर दारू वाढे आणि दारूबरोबर धक्का. तो धक्का सोसण्यास रायफलीच्या वजनाखेरीज दुसरा उपाय नव्हता. सॅम्युएल बेकर ह्याने १८४० मध्ये ब्रिस्टल येथे खास करवून घेतलेली आणि पुढे सिंहलद्वीपात वापरलेली रायफल २१ पौंडांची होती. आपल्या मध्य प्रांताशी ज्याचे नाव कायमचे निगडित आहे तो कॅप्टन जेम्स फॉर्साइथ हाही मोठ्या गोळीचा पुरस्कर्ता होता. निमाडचा जमाबंदी अधिकारी असलेल्या ह्या गृहस्थाने पचमढीच्या पठारावर 'बायसन लॉज' बांधले, आणि १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने मध्य हिंदुस्थानातील डोंगराळ प्रदेश इंग्रजी वाचकांना परिचित करून दिला. त्याआधी, १८६० च्या दशकात, त्याने शिकारी रायफलीवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. जंगलातील जवळच्या अंतरासाठी मोठी वाटोळी गोळी, भरपूर दारू आणि नळीत सावकाश वळण घेणाऱ्या खाचा हाच उत्तम योग होय, असे त्याचे प्रतिपादन होते. त्या काळच्या दारूचा विचार करता ते चुकीचेही नव्हते.

१८८४ मध्ये पॉल व्हिएय ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने धूरविरहित दारू सिद्ध केली आणि हे सारे गणित बदलले. लहान व्यासाची लांबट गोळी आता पूर्वीपेक्षा पुष्कळच अधिक वेगाने जाऊ लागली. तर्काने पाहता रायफल त्याच क्षणी हलकी व्हावयास हवी होती. युरोपात ती तशी होऊही लागली. परंतु हिंदुस्थानात मात्र दहा-अकरा पौंडांची दुनळी आणखी अर्धशतक मानाने नांदली. वाघ, गवा, हत्ती ह्यांच्यासमोर दुसरी गोळी तत्काळ हाताशी असावी हे तिचे एक सबळ कारण होते व ते नाकारण्याचे कारण नाही. तथापि दुसरेही एक कारण होते, आणि त्याची वाच्यता क्वचितच होत असे. ज्याची रायफल होती तो ती वाहत नव्हता. तो हत्तीच्या हौद्यात वा मचाणावर बसे, हाकारे रान उठवीत, आणि रायफल बंदूकवाल्याच्या खांद्यावरून नेमक्या क्षणी साहेबाच्या अगर राजेसाहेबांच्या हाती येई. जी वस्तू दिवसाकाठी पाच मिनिटेच हाती धरावयाची, तिचे वजन कोणाला जाचणार?

अधिकारीवर्गाला रुचेल असा एक प्रसंग येथे नमूद करण्यासारखा आहे. १९०७ मध्ये कुमाऊंतील चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या पारिपत्यासाठी जिम कॉर्बेट गेला, तेव्हा तेथील तहसीलदाराने सुमारे तीनशे माणसे हाक्यासाठी गोळा केली होती. कॉर्बेटजवळ दुनळी रायफल होती, परंतु काडतुसे त्याने तीनच घेतली होती. तिन्ही झाडून झाली, वाघीण जखमी होऊन उभीच राहिली, आणि शेवटी कॉर्बेटला धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक मागून आणावी लागली. त्या बंदुकीची अवस्था अशी की नळ्या आणि मागचा भाग ह्यांत फट पडलेली. तिच्यातून सुटलेली गोळी नेमाच्या जागी लागली नाही ती नाहीच. वाघीण मेली ती आधीच्या जखमांनी. चारशे छत्तीस बळी जिच्या नावावर मांडले जातात त्या वाघिणीच्या अखेरच्या क्षणी एका महसुली अधिकाऱ्याची खिळखिळी बंदूक उपयोगी पडावी, ही आपल्या खात्याच्या इतिहासातील एक गमतीची नोंद होय. ह्याच कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट ह्यांनी कॉर्बेटला रिग्बी कंपनीची .२७५ व्यासाची एकनळी रायफल भेट दिली. ती दुनळीच्या मानाने पुष्कळच हलकी होती, आणि पुढे एकट्याने, पायी, रात्री-अपरात्री हिंडणाऱ्या ह्या माणसाची ती आवडती सोबतीण झाली. ज्याला स्वतः वाहावयाची होती, त्याच्या हाती हलकी रायफल आली, एवढे येथे ध्यानात ठेवावे.

सरकारी हुकमाचा रायफलीवर परिणाम कसा होतो ह्याचेही उदाहरण त्याच काळातले आहे. सैन्यातील जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींचा व्यास .४५० होता. बंडखोरांच्या हाती त्या पडलेल्या, तेव्हा त्यांना उपयोगी पडेल असे काहीही देशात येऊ नये, ह्या हेतूने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात व सुदानात .४५० व्यासाच्या शिकारी रायफलींवर बंदी आली. लंडनच्या कारागिरांनी मग .४६५, .४७०, .४७५ असे व्यास काढले. सिमला-कलकत्त्याच्या एका आज्ञेने लंडनच्या नामांकित दुकानांतील साचे बदलले. पण वजनात काही उतार पडला नाही. हुकूम व्यासावर निघतो, खांद्यावर निघत नाही.

आता हलक्या रायफलीकडे वळू. तिचा उगम जेथे शिकारी स्वतःच चढतो अशा प्रदेशात शोधावा लागतो. आल्प्स पर्वतात कड्याकपारीतून वावरणाऱ्या शामवा नावाच्या रानशेळीसारख्या जनावरामागे जाणाऱ्याला हत्ती नाही, हाकारे नाहीत, आणि वाट अशी की दोन्ही हात मोकळे हवेत. ऑस्ट्रियातील श्टायर येथील कारखान्याने १९०३ च्या सुमारास मॅनलिखर-शोनाउअर ही रायफल बाजारात आणली. ग्रीस देशाच्या सैन्याने तिचा स्वीकार केला होता. तिचेच आखूड नळीचे, तोंडापर्यंत लाकडी दस्ता असलेले शिकारी रूप जगभर गेले. ६.५ मिलिमीटर व्यासाची लांब गोळी, चक्रासारखे फिरणारे काडतूसघर, साडेसतरा इंचांच्या आसपास नळी आणि सात पौंडांच्या आत वजन. कारखान्यात तयार झालेली, कोणालाही पैसे मोजून घेता येईल अशी हलकी शिकारी रायफल ह्या अर्थाने तिला आद्यत्वाचा मान देण्यास हरकत नाही.

ह्याच मापाच्या रायफलींनी डब्ल्यू. डी. एम. बेल ह्या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजारांवर हत्ती मारले. त्यांतील पुष्कळसे ७ मिलिमीटरच्या माउझरने मारलेले होते. ह्यावरून लहान व्यासाची हलकी रायफल सर्वांना पुरेशी आहे असा निष्कर्ष काढणारे अनेक निघाले. परंतु बेलने हत्तीच्या कवट्या कापून मेंदूची नेमकी जागा अभ्यासली होती, ही गोष्ट ते विसरले. हलकी रायफल बेलला पुरली, कारण बाकीचे वजन त्याने ज्ञानाच्या रूपाने वाहिले होते.

अमेरिकेत ह्या विचाराला कारखान्याचे बळ मिळाले. तेथे विस्तीर्ण सार्वजनिक भूमीवर सामान्य माणूस परवाना घेऊन एकटाच शिकारीला जातो. सॅव्हेज कंपनीने १९२० मध्ये सुमारे सहा पौंडांची बोल्टची रायफल काढली. तिच्यासाठी काडतूसही लहान आणि वेगवान होते. ती काळाच्या पुढे गेलेली ठरली व फार काळ टिकली नाही. १९५२ मध्ये विंचेस्टर कंपनीने आपल्या 'मॉडेल ७०' चा 'फेदरवेट' म्हणजे पिसाच्या वजनाचा अवतार काढला. मूळ रायफल आठ पौंडांच्या घरात, ही साडेसहाची. नळी चोवीस इंचांवरून बावीस इंचांवर आणली व बारीक केली, चापाभोवतीची कडी आणि काडतूसघराचे झाकण पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचे केले. ह्याच वर्षी .३०८ हे आखूड काडतूस निघाले व त्याच रायफलीतून लोकांपुढे आले. ॲरिझोनात प्राध्यापकी केलेला आणि पुढे शिकारविषयक लेखनाने घरोघर पोहोचलेला जॅक ओकॉनर डोंगरी मेंढ्यांच्या शिकारीसाठी हलक्या रायफलीचा पुरस्कार सातत्याने करीत होताच. मागणी आणि पुरवठा ह्यांची गाठ पडली.

पुढची उडी लाकूड सोडल्यावर पडली. वेस्ट व्हर्जिनियातील मेल्विन फोर्ब्स ह्याने १९८० च्या दशकाच्या मध्यास लहानशा कारखान्यात पाच पौंडांच्या आसपासची रायफल तयार केली. तिचा दस्ता केव्हलार आणि ग्राफाइट ह्यांच्या तंतूंचा, वजन एका पौंडाच्या घरात. त्याची खरी कल्पकता अशी की, बारीक नळी दस्त्यापासून मोकळी ठेवण्याऐवजी त्याने ती पूर्ण लांबीभर दस्त्यात घट्ट बसवली. तंतूंचा दस्ता हवेतील ओलाव्याने लाकडासारखा फुगत नसल्यामुळे हे शक्य झाले. किंबर कंपनीने २००१ मध्ये आखूड काडतुसाच्या बेताने बेतलेली, सहा पौंडांच्या आतली रायफल मोठ्या प्रमाणावर काढली, आणि २०१० च्या दशकात ह्याच घराण्यातील पर्वती शिकारीसाठीची आवृत्ती पाच पौंडांच्याही आत आली. नळीवर बाहेरून खाचा, बोल्ट कोरून पोकळ केलेला, नळीच्या तोंडाशी धक्का कमी करणारी जाळी. जेथून एक तोळा काढता येईल तेथून तो काढलेला.

परंतु निसर्गाचा हिशेब कारकुनी हिशेबासारखाच काटेकोर असतो. एका खात्यातून काढलेली रक्कम दुसऱ्या खात्यात दिसलीच पाहिजे. ९.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८५० मीटर वेगाने निघाली आणि तिच्यामागे जवळजवळ तीन ग्रॅम दारूचा वायू बाहेर पडला, तर चार किलोंची रायफल सुमारे १८ जूल ऊर्जेने खांद्यावर आदळते. तीच गोळी अडीच किलोंच्या रायफलीतून सोडली तर हा आकडा २८ जुलांवर जातो. आदळण्याचा वेगही त्याच प्रमाणात वाढतो, आणि शरीराला डाचतो तो पुष्कळदा हा वेगच. तोंडाशी जाळी बसवून धक्का कमी करता येतो, पण मग आवाज मागे वळतो आणि जे खांद्याने सोसावयाचे ते कानांना सोसावे लागते. नळी आखूड केली तर दर इंचामागे सेकंदाला सात-आठ मीटर वेग घटतो. ती बारीक केली तर दोन-तीन गोळ्यांतच तापते, व तापलेली नळी नेम हळूहळू सरकवते.

माझा एक पुतण्या कोलोराडोत नोकरीनिमित्त स्थायिक झालेला आहे. त्याने कारखान्यातून आलेली अशी पाच पौंडांची रायफल घेतलेली आहे. त्याच्याकडे गेलो असता मैदानावर ती पारखून पाहण्याची संधी मिळाली. ती हातात घेताच पहिली प्रतिक्रिया आनंदाची होते. काठी उचलावी तशी ती उचलली जाते. पण दुर्बीण, तिची बैठक, पट्टा व काडतुसे ह्यांसह आम्ही ती तोलली तेव्हा ती सात पौंडांजवळ गेली. जाहिरातीतील वजन हे मूळ वेतनासारखे असते. हाती पडणारा आकडा वेगळाच. शंभर यार्डांवर पहिल्या दोन गोळ्या जवळजवळ एकाच भोकात गेल्या, तिसरी किंचित वर, चौथी व पाचवी उजवीकडे. दहा मिनिटे नळी निवू दिली की पहिली गोळी पुन्हा मूळ जागी. म्हणजे दोष रायफलीचा नव्हता, प्रश्न विचारण्याच्या पद्धतीचा होता. पाच गोळ्यांचा समूह ही सैनिकी कसोटी. डोंगरावरील शिकाऱ्याला थंड नळीतून जाणारी पहिली गोळीच काय ती हवी. म्हणून अशा रायफलीची परीक्षा वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येक वेळी थंड नळीने, एकेक गोळी झाडून घ्यावी, हे मला पटले.

दुसरी गोष्ट ध्यानात आली ती चापाची. कारखान्यातून येताना चापाचा ताण कधी कधी पाच-सहा पौंडांचा असतो. आठ पौंडांच्या रायफलीला तो खपतो; परंतु ज्या रायफलीचा चाप ओढण्यास तिच्या स्वतःच्या वजनापेक्षा अधिक जोर लागतो, ती चाप ओढतानाच हलते. जड रायफल आपल्या जडपणाने हाताचा कंप गिळते; हलकी तो जसाच्या तसा गोळीला सांगते. उभ्याने मी झाडलेल्या गोळ्यांविषयी न लिहिलेलेच बरे. पुतण्या मात्र बसून, कोपर गुडघ्यांवर टेकवून, पट्टा दंडाला आवळून, उत्तम नेम साधत होता. हलक्या रायफलीच्या मालकाला हा सराव चुकत नाही. ती विकत घेतल्याने मिळत नाही. ती शिकावी लागते.

मी त्याला विचारले, "एक-दीड पौंडासाठी एवढे पैसे आणि एवढा खटाटोप कशासाठी?" तो म्हणाला, "काका, एल्कच्या मागे दहा हजार फुटांवर दिवसभर चढतो तो मी. आणि जनावर पडले की दोनशे पौंड मांस तीन-चार खेपांत खाली आणणाराही मीच." त्या उत्तरासरशी मला ठाण्याची ओसरी आणि तो वृद्ध गोंड आठवला.

आपल्या देशापुरते पाहिले तर ह्या कथेचा शेवट काहीसा विपरीत आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने युरोपियनांना सूट होती आणि एतद्देशीयाला परवान्याची अट. पुढे १९५९ चा कायदा आला व १९६२ मध्ये अमलात आला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपवले आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्यात फॉर्साइथच्या मुलखातील कान्हा होते, तसेच आपले मेळघाटही होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी शस्त्रांची खाजगी आयात जवळजवळ थांबली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीच्या नावावरील शस्त्रांची मर्यादा तिनावरून दोनावर आली. अर्थात्, जगात अतिहलकी रायफल कारखान्यातून बाहेर पडू लागली तेव्हा येथे तिचे प्रयोजनच उरले नव्हते, आणि ह्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. आपल्याकडील सर्वपरिचित कारखानी रायफल म्हणजे सरकारी आयुध निर्माणीची .३१५. तिचे काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या सैन्यातील जुन्या मॅनलिखर रायफलीचे; .३०३ हे सैनिकी काडतूस नागरिकांना वर्ज्य, म्हणून हे दुसरे. ज्या मॅनलिखरच्या नावाने आल्प्समध्ये हलक्या रायफलीचा जन्म झाला, त्याच्याच काडतुसाची ही साधी, पोलाद-लाकडाची रायफल आज उत्तरेकडील कितीतरी शेतघरांतून खुंटीला टांगलेली आढळते. हलकेपणाचा तिचा दावा नाही आणि कोणी तिला घेऊन डोंगरही चढत नाही.

राहता राहिल्या त्या जुन्या दुनळ्या. त्यांचे वारस त्या विकू पाहतात, तेव्हा घेणारे फारसे मिळत नाहीत. काडतुसे दुर्मिळ, आणि वाहणारा कोणी उरलेला नाही. संग्रहालयांतून व दिवाणखान्यांतून त्यांच्याखाली पितळी पाट्या असतात. त्यांवर कारागिराचे नाव असते, मालकाचे असते, कधी कधी मारलेल्या वाघांची संख्याही असते. मात्र ज्याने ती मैलोन्‌मैल वाहिली, जखमी वाघाच्या झुडपासमोर दुसरी काडतुसे हातात घेऊन जो निःशस्त्र उभा राहिला, त्याचे नाव मी तरी कोठे कोरलेले पाहिले नाही. हलक्या रायफलीने नेम सुधारला की बिघडला ह्याचा वाद चालेल तितका चालो. एक गोष्ट तिने निःसंशय केली. रायफलीचे वजन ती ज्याची होती त्याच्या खांद्यावर आणून ठेवले. आणि ते तेथे येताच त्याला ते कमी करावेसे वाटले.

निवडणूक आटोपल्यावर ती दुनळी परत देण्याचा दिवस आला. नोंदवहीत कारागीर, क्रमांक, व्यास असे सारे रकाने होते. वजनाचा रकाना नव्हता. नातवाने सही केली. वृद्ध पुढे होऊन सवयीने खांदा देऊ लागला. नातू क्षणभर थांबला, माझ्याकडे पाहिले, आणि रायफल त्याने स्वतःच उचलली. फाटकापर्यंत जाईतो त्याने ती दोनदा ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. वृद्ध त्याच्यामागून मोकळ्या हातांनी चालत होता.